सहाव्या बाणाचं तिसरं पीस

मित्रांनो, या दुकानाच्या आतल्या भिंतीवर, खिडकीच्या वर, दोन खिळ्यांवर आडवा पहुडलेला जो बाण दिसतो ना, तो मी. अंगावर धूळ आहे, टोकाचं तांबं काळवंडलंय आणि एक पीस कसरीनं कुरतडलंय. पण जरा मान वाकडी करून माझ्या लांबीवरून नजर टाका. एवढं वय झालं तरी मी सरळ आहे. हे मी फुशारकीनं सांगत नाही. खरं तर, थोडं फुशारकीनंच सांगतो. कारण माझ्या उडण्याची सुरुवात अजिबात सरळ झाली नव्हती.

बाण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे राजे, रथ आणि रणधुमाळी येत असेल. तसलं काही माझ्या वाट्याला आलं नाही. मी मुळात एक गोल लाकडी काठी. हार्डवेअरच्या दुकानात, पडद्याच्या दांड्या ठेवतात त्या पिंपात, माझ्यासारख्याच पन्नासेक काठ्यांच्या गर्दीत उभा होतो. एक दिवस पुस्तकं बांधणारा एक माणूस तिथे आला. त्याला सगळे मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणतो. त्यानं पिंपातली एकेक काठी काढून डोळ्याशी धरायला सुरुवात केली.

"अहो, दांडी घ्यायचीय की दुर्बीण?" दुकानदारानं विचारलं.

मामा हसला आणि मग त्यानं वेगळंच काहीतरी केलं. काठी काचेच्या काउंटरवर ठेवून घरंगळवली आणि कान खाली नेला. वाकडी काठी घरंगळताना टक टक करते. सरळ काठी गपगुमान जाते. पन्नासांतून अशा सहा मुक्या काठ्या त्यानं निवडल्या, त्यात मी शेवटचा. मला वाटलं, काय चोखंदळ माणूस आहे! डोळ्यांवर भागलं नाही म्हणून त्यानं कान लावला असेल, हे तेव्हा माझ्या लाकडी डोक्यात आलंच नाही.

आम्हाला कशासाठी घेतलं, ते घरी आल्यावर कळलं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. घरात मामा, त्याची थोरली बहीण आणि त्या बहिणीची तेरा वर्षांची मुलगी. मुलगी इतकी सडपातळ की मामानं तिचं नाव चवळी पाडलं होतं, आणि पुढे शाळेतल्या बाईसुद्धा हजेरीपुरतंच खरं नाव घ्यायच्या. तिचे वडील ती रांगत होती तेव्हाच गेले. आई कपडे धुवायच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जायची. म्हणून चवळीचे दूधदात मामानं पाहिले, शाळेचा पहिला दिवस मामानं पाहिला आणि तिच्या वेण्यासुद्धा, वाकड्यातिकड्या का होईना, मामानंच घातल्या.

या चवळीला शाळेच्या मागच्या मैदानावर नेमबाजीचा नाद लागला. धनुष्य शाळेचं होतं, पण बाण ज्याचे त्यानं आणायचे. दुकानातले बाण खिशाला परवडणारे नव्हते.

"तू घाबरू नकोस," मामा म्हणाला. "ज्या घरात सरस आहे, दोरा आहे, सुरी आहे आणि मामा आहे, त्या घरात बाण विकत का आणायचे?"

मित्रांनो, पुस्तकं बांधणाऱ्याच्या घरी जन्माला यायला नशीब लागतं. त्याच्याकडे हत्यारं असतात तशी चिकाटीही असते. मामानं आधी आम्हा सहा जणांची ताकद मोजली. दोन स्टुलांवर काठी आडवी ठेवायची आणि मधोमध दोरीनं एक जाडजूड शब्दकोश टांगायचा. काठी किती लवते, ते मागच्या पुठ्ठ्यावर खुणेनं टिपायचं. सगळ्या काठ्या सारख्याच लवल्या तरच सगळे बाण सारखे उडतात. तो शब्दकोश कुणीतरी सात वर्षांपूर्वी बांधायला देऊन गेला होता आणि न्यायला आलाच नव्हता. "आला की सांगेन, तुझा शब्दकोश एवढे दिवस सेवेत होता," मामा म्हणायचा. माझ्या कमरेला सगळी भाषा लटकली आणि मी बाकीच्यांइतकाच लवलो. तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मग शेगडीच्या धगीवर धरून, हातानं दाबून दाबून, आमचा राहिलासाहिला बाक काढला. एका टोकाला करवतीच्या पात्यानं खाच पाडली आणि लाकूड चिरू नये म्हणून तिच्याखाली मेण लावलेला दोरा घट्ट गुंडाळला. पुस्तक शिवायचा तोच दोरा. दुसऱ्या टोकात डोकं उडवलेला खिळा आणि त्यावर तांब्याच्या नळीचा तुकडा बसवला. आता राहिली पिसं.

पिसं तळ्यावर फुकट मिळायची. तळ्यात मोठाले पांढरे पक्षी पाळलेले होते. ते हंस आहेत असं तळ्याचा राखणदार म्हणे आणि ती माजलेली बदकं आहेत असं मामा म्हणे. यावर दोघांचं कधी एकमत झालं नाही. पक्ष्यांची पंखांची पिसं झडायची वेळ आली की चवळी आणि मामा काठानं वाकून वाकून चालायचे आणि पिशवी भरून आणायचे. त्या पक्ष्यांना बोट लावायचं नाही, फक्त त्यांनी टाकलेलं उचलायचं, अशी राखणदाराची अट होती. ती दोघांनीही पाळली.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण माझी सगळी कहाणी तिच्याभोवती फिरते. पक्ष्याच्या डाव्या पंखाचं पीस एका बाजूला वळलेलं असतं आणि उजव्या पंखाचं दुसऱ्या बाजूला. एका बाणाला तीन पिसं लागतात, आणि ती तिन्ही एकाच पंखाकडची हवीत. सगळी डावी चालतील, सगळी उजवीही चालतील. पण दोन डावी आणि एक उजवं लावलं, की पिसं हवेत आपसात भांडतात आणि बाण बिचारा झोकांड्या खातो. म्हणून मामाकडे बिस्किटांचे दोन रिकामे डबे होते. एकावर 'डावी' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'उजवी'.

पिसाचा जाड कणा मधोमध चिरायचा, आतला पांढरा भुसा खरवडायचा, कडा कात्रीनं नीट करायच्या. मग मामानं स्वतः कापलेल्या पुठ्ठ्याच्या गोल साच्यात बाण उभा करायचा आणि तीन पिसं तीन फटींत धरून सरसानं चिकटवायची. वाळली की पुढच्या टोकाला पुन्हा दोरा. तिन्हींतलं एक पीस लाल रंगवायचं, म्हणजे बाण प्रत्यंचेवर चढवताना कोणती बाजू बाहेर ठेवायची ते कळतं. वह्यांच्या कडांना लावायचा लाल रंग घरात होताच.

पाच बाण एका सुट्टीच्या दिवशी भर उन्हात झाले. माझी पाळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्यातून मामा मोकळा झाला तेव्हा दिवे लागले होते. दोन पिसं त्यानं डाव्या डब्यातून काढली. तिसरं टेबलावर पडलेलं होतं, आदल्या दिवशी निवडताना बाहेर राहिलेलं. त्यानं ते उचललं, दिव्याजवळ नेलं, नाकाजवळ आणलं, फिरवून पाहिलं.

"डावं," तो स्वतःशीच म्हणाला.

मित्रांनो, ते उजवं होतं. माझ्या पाठीला टेकताक्षणी मला कळलं. पण बाणाला तोंड असतं ते फक्त लागायला, बोलायला नाही. वर त्यानं ते रंगवलं तेही शेजारच्या बाटलीतल्या तपकिरी रंगानं. मग मला हातभर लांब धरून तो अगदी समाधानानं म्हणाला, "वा! काय लालचुटूक दिसतोय!"

चवळी शेजारीच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं. तिला वाटलं, मामा चेष्टा करतोय. ती हसली. मामाही हसला. तो का हसला, ते त्यालाच ठाऊक.

मामानं तिला एक सवयही लावली. लाकडी बाण सोडण्याआधी दरवेळी कानाशी धरायचा आणि दोन्ही हातांनी हलकेच वाकवायचा. आत कुठे बारीकशी चीर असली तर टक असा आवाज येतो. तसा बाण सोडला तर तो सुटताना मोडून हातात घुसू शकतो. "वरून कितीही देखणा असू दे," मामा सांगायचा, "आधी ऐकायचं, मग सोडायचं." चवळी आम्हा सहाही जणांना रोज ऐकायची, पण सोडायची पाचच जणांना; मला तिनं स्पर्धेसाठी नवाकोरा राखून ठेवलं होतं. तिच्या कानाची ऊब मला अजून आठवते.

आंतरशालेय स्पर्धेचा दिवस उजाडला. मामा सकाळीच नवा सदरा घालून मैदानावर हजर. चवळीनं पाच बाण सोडले आणि पाचही मधल्या दोन वर्तुळांत बसले. लोक टाळ्या वाजवायला लागले. मग तिनं मला उचललं. कानाशी धरलं, ऐकलं, प्रत्यंचेवर चढवलं, ओढलं. माझी छाती फुगली होती. सुटलो, आणि काय सांगू तुम्हाला! शेपूट एकीकडे, डोकं दुसरीकडे. मैदानभर वळवळत गेलो आणि लक्ष्याच्या चार हात अलीकडे गवतात तोंड खुपसून पडलो. कुणीतरी खो खो हसलं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि अर्धा तर मी जमिनीत होतोच.

चवळीचं बक्षीस हुकलं. बाईंनी मला उपटून काढलं, माती झटकली, पिसांवरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा बदलला.

"हे पीस उलट्या पंखाचं आहे. कुणी लावलं?"

मामा पलीकडे उभा होता. त्यानं सगळीकडे मान फिरवली, पण मी कुठे पडलो ते त्याला दिसलंच नव्हतं. अजून तो टाळ्या वाजवत होता. चवळीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं.

"मी लावलं, बाई," ती म्हणाली. "चुकून."

आणि मामापाशी जाऊन म्हणाली, "सगळे छान गेले, मामा! वाऱ्यानं जरा घात केला, बस्स."

घरी आल्यावर तिनं मला इतर पाच जणांबरोबर भात्यात ठेवलं. भाता म्हणजे मामानं कापड चढवून केलेला पुठ्ठ्याचा उंच डबा, दुकानाच्या दाराशी टांगलेला. त्यानंतर तर मैदानावर ती पाचच बाण न्यायची. मी एकटा मागे राहायचो. सुरुवातीला मी फार फुगून बसलो. पण तिथून सगळं दुकान दिसायचं, आणि जे दिसत गेलं त्यानं माझा रुसवा कुठल्या कुठे गेला.

मामा सुईत दोरा ओवायचा तेव्हा दोरा सुईच्या कडेनं जायचा. एकदा, दोनदा, दहादा. चहा गाळताना कपाबाहेर सांडायचा आणि तो म्हणायचा, "हा कप जरा सरकतो." एका गिऱ्हाइकाच्या पुस्तकातला पानांचा एक गठ्ठा उलटा शिवला गेला. गिऱ्हाईक रागावलं, तर मामा म्हणाला, "घाई झाली हो, वय झालं आता." हे सगळं मीच बघत होतो असं नाही. चवळीही बघत होती.

तिनं काय केलं माहीत आहे? मामा रात्री सुया ओवून सुयांच्या उशीला टोचून ठेवायचा, त्यातल्या दोरा हुकलेल्या सुया शाळेत जाण्याआधी ती नीट ओवून ठेवू लागली. रंगाच्या बाटल्या रोज ठरल्या जागी लावून ठेवायची, लाल पुढे आणि तपकिरी मागे. शाळेतून परत आल्यावर शिवायचे गठ्ठे एकेक पान बघून नीट लावायची. पिसांचे डबे पुन्हा निवडले. हे सगळं गुपचूप, मामा बाहेर गेला की. आईलासुद्धा तिनं पत्ता लागू दिला नाही.

मामा खुलला. एके दिवशी बहिणीला म्हणाला, "ताई, तू उगाच माझ्या मागे लागतेस, डॉक्टरकडे जा, डॉक्टरकडे जा. हे बघ, सुई पहिल्या झटक्यात ओवलेली! मधे जरा धूसर दिसत होतं, पण आता चांगला उतार पडलाय."

"खरंच?" आई म्हणाली. "मग देवच पावला म्हणायचा."

चवळी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. तिनं पेला मामाच्या हातात दिला आणि मागे वळली. मला मात्र सरस लागलेल्या ठिकाणी कसंसंच झालं. मित्रांनो, प्रेमानं झाकलेली गोष्ट झाकलेलीच राहते, बरी होत नाही. पण हे तिला कोण सांगणार? ती तेरा वर्षांची होती आणि मी काठी होतो.

दुकानाच्या कोपऱ्यात पुस्तकांच्या कडा कापायचं मोठं लोखंडी यंत्र होतं. वरचं चाक फिरवून पानांचा गठ्ठा दाबायचा आणि मग लांब दांडा खाली ओढायचा, की हातभर रुंद पातं एका दमात शेकडो पानं कापतं. एका दुपारी मामा त्यावर काम करत होता. चवळी शाळेतून येऊन चप्पल काढत होती. मामानं एका हातानं गठ्ठा सारखा केला, दुसऱ्या हातानं दांडा धरला आणि ओढला.

पहिला हात अजून काढलाच नव्हता.

चवळी किंचाळली. मामा दचकून मागे झाला. खच्च असा आवाज आला.  मग काहीतरी टणकन फरशीवर पडलं आणि घरंगळत दारापाशी आलं. ती सदऱ्याच्या बाहीच्या गुंडीची अर्धी चकती होती. बाहीची कडही साफ कापली गेली होती. हात मात्र वाचला होता, अगदी थोडक्यात.

"काही नाही, काही नाही," मामा म्हणाला. "गुंडीच गेली. दुसरी लावू." 

चवळीनं ती अर्धी गुंडी उचलली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.  मग ती भात्याकडे आली, तिनं मला ओढून काढलं आणि मामाच्या पुढ्यात धरलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास तोच. भात्यापासून मामाच्या हातापर्यंत जेमतेम सहा पावलं.

"मामा, हा बाण बघ."

"अगं, आता काय बाण? हा सहावा ना? चांगला आहे की."

"डोळ्यांनी नको. बोटांनी बघ."

मामाच्या बोटांचं काय सांगू? कागदाला उलट-सुलट बाजूंचा फरक असतो, तो त्याची बोटं अंधारात सांगायची. त्यानं अंगठा माझ्या पहिल्या पिसावरून फिरवला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्यावर आला आणि थांबला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिसऱ्यावर थांबला.

"हे उजव्याचं आहे," तो अगदी हळू म्हणाला.

"हो."

"मी लावलं?"

"हो, मामा. आणि ते लालही नाहीये. तपकिरी आहे."

मामा स्टुलावर बसला. मला त्यानं मांडीवर आडवं ठेवलं.

"स्पर्धेत हाच पडला ना? वारा नव्हता काही?"

चवळीनं मान हलवली. मग तिच्या लक्षात आलं असावं की मान हललेली त्याला दिसणार नाही, म्हणून ती म्हणाली, "नव्हता."

"आणि सुया?"

"मी ओवायचे."

"पोरी, पोरी," मामा म्हणाला. "मला वाटलं, मी बरा होतोय. गेले दोन महिने मी रोज मनात म्हणतोय, बघ, दिसायला लागलं. अगं, मला सांगायचं तरी!"

"तुला वाईट वाटलं असतं," चवळी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "मी रोज बाण कानाशी धरते आणि तुझं मात्र काही ऐकलं नाही. आज तुझा हात गेला असता ना, तर तो माझ्यामुळे गेला असता."

"वेडी की काय! दांडा कुणी ओढला? मी. लपवलं कुणी आधी? मीच." मामानं तिला जवळ घेतलं. मग जे त्यानं बहिणीलाही कधी सांगितलं नव्हतं, ते बोलून गेला. त्याचे वडीलही पुस्तकंच बांधायचे. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि ते बिघडलं. आठ वर्षांचा मामा त्यांचा हात धरून त्यांना घरी घेऊन आला होता. "तो रस्ता मला अजून पाठ आहे," तो म्हणाला. "कुठे खड्डा, कुठे पायरी. त्या रस्त्यानं मला परत जायचं नव्हतं गं. म्हणून मी कुणाला बोललो नाही."

त्याचे डोळे वाहत होते. तांब्याच्या टोकावर एक थेंब पडला, तो मी पुसू शकत नव्हतो. संध्याकाळी आई आली तेव्हा दोघांनी मिळून तिला सगळं सांगितलं. आई आधी दोघांवर जाम भडकली, मग दोघांना पोटाशी धरून रडली आणि मग पदर खोचून म्हणाली, "उद्या सकाळी आठ वाजता. माझी पाळी मी बदलून घेते."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. पिकलाय चांगलाच. तुमच्या वडिलांच्या वेळचं ऑपरेशन वेगळं होतं, आजचं वेगळं आहे. पण भीती वाटते हे खरं बोललात, ते बरं केलंत." हे मला नंतर चवळीच्या बोलण्यातून कळलं, कारण मला त्या दिवशी कुणी नेलं नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी मात्र मामानं हट्ट धरला, सहावा बाण बरोबर हवा. रुग्णालयाच्या दारात पहारेकऱ्यानं अडवलं. "बाण? आत? हा दवाखाना आहे की रणांगण?" शेवटी मला दाराशी, ओल्या छत्र्यांच्या स्टँडमध्ये उभं केलं. तिथे मी सकाळभर थांबलो. एक काळी छत्री माझ्या अंगावर सारखी ठिबकत होती आणि मी सारखा दाराकडे बघत होतो. आम्ही सगळे बाण सुटण्यासाठी जन्मतो. वाट बघणं किती कठीण असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

दुपारी मामा बाहेर आला. एका डोळ्यावर पट्टी, आणि चवळीनं त्याचा कोपर धरलेला. दाराशी तो अडखळला. "पायरी आहे, मामा," चवळी म्हणाली. मामानं तिचा हात घट्ट धरला. मला ठाऊक होतं त्याला काय आठवलं असेल.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. तो घरी आला, दुकानाच्या दारात थांबला आणि कितीतरी वेळ चवळीकडेच बघत राहिला.

"काय झालं?" ती घाबरून म्हणाली. "दिसत नाहीये का?"

"दिसतंय," मामा म्हणाला. "तू एवढी उंच कधी झालीस?"

आईनं तोंडाला पदर लावला. चवळी हसत होती की रडत होती, ते मला काही सांगता येणार नाही.

मग त्यानं मला हातात घेतलं. उजेडात नेलं, फिरवलं आणि कपाळावर हात मारला. "हे काय केलंय मी! हे तपकिरी! आणि याला मी लालचुटूक म्हणालो?" तो पोट धरून हसला. हसता हसता सुरी शोधू लागला.

"राहू दे ना, मामा," चवळी म्हणाली. "आठवण म्हणून असाच राहू दे."

"आठवण वेगळी ठेवू. बाण उडायला केलाय, त्याला लंगडा ठेवून कसं चालेल?"

त्यानं ते तिसरं पीस अलगद सोडवलं. डाव्या डब्यातून एक निवडलं, आधी डोळ्यांनी, मग खात्रीसाठी बोटांनी. लाल रंग दिला. ते तपकिरी पीस त्यानं टाकलं नाही. कापायच्या यंत्राच्या दांड्याला मेणाच्या दोऱ्यानं घट्ट बांधलं. दांडा धरायला गेलं की ते आधी हाताला लागायचं, आणि मामा थांबून दुसरा हात कुठे आहे ते बघायचा. दुसरा डोळाही महिन्याभरात झाला, तरी त्यानं ते पीस काढलं नाही.

त्या आठवड्यात चवळीनं मला मैदानावर नेलं. स्पर्धा नव्हती, टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. फक्त बाई होत्या आणि मामा. तिनं मला कानाशी धरलं, वाकवलं, ऐकलं, सोडलं. मी सरळ गेलो. किती सरळ म्हणून सांगू! वारा दोन्ही अंगांनी सारखा लागत होता आणि पिसं भांडत नव्हती. लक्ष्याच्या मधोमध घुसलो तेव्हा मागून मामाचा आवाज आला, "लागला! लाल पीस दिसतंय मला इथून!"

पुढे मी सात वर्षं उडालो. चवळीनं बक्षिसंही मिळवली, ती तुम्ही तिलाच विचारा. मग एका सकाळी तिनं मला कानाशी धरलं, वाकवलं, आणि माझ्या आत टक झालं. मला काही कळलंच नव्हतं. तिला मात्र कळलं. तिनं मला मोडून फेकलं नाही. मामाकडे आणलं, त्यानंही कानाशी धरून ऐकलं, आणि दोघांनी मिळून हे दोन खिळे ठोकले.

आता दुकान चवळी चालवते. मामाचे केस पांढरे झालेत, हात कापतात, पण खिडकीत बसून तो पानं मोजतो आणि डोळे अजून शाबूत आहेत. रोज सकाळी चवळी दुकान उघडते, यंत्राच्या दांड्यावरच्या पिसाला बोट लावते आणि मग मामाच्या शेजारी बसून विचारते, "आज कसं आहे? खरं सांग." मामाही आता खरं सांगतो. गुडघा दुखतो तर दुखतो म्हणतो.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच. तुमच्या घरातल्या माणसांनाही अधूनमधून असं जवळ घ्या, हलकेच विचारा आणि कान देऊन ऐका. वरून ती सरळच दिसतील, मीही दिसतो. आतली टक कानाशी धरल्याशिवाय कळत नाही.